अपेक्षांक तिसाच्या आत

“आपला अपेक्षांक चौसष्ट. आपला कॉल पुढे पाठवता येणार नाही. आपला दिवस निरपेक्ष जावो!”

विलास खैरनारांनी फोन आपटला नाही, कारण फोन महाग होता. त्यांनी पक्कड आपटली. सकाळपासून ते बेळेबाईंना फोन लावत होते आणि सकाळपासून फोनमधला तो गोड यांत्रिक आवाज न कंटाळता त्यांच्या दिवसाला शुभेच्छा देत होता.

“अहो, जरा पाणी पिऊन करा. आवाज मोकळा होईल,” त्यांच्या पत्नी निर्मला म्हणाल्या.

खैरनार पाणी प्यायले. दीर्घ श्वास घेतला. चेहरा शक्य तितका कोरा करून फोनमध्ये म्हणाले, “नमस्कार, मी खैरनार. बेळेबाईंना सहज फोन केला होता.”

“आपला अपेक्षांक एक्क्याऐंशी.”

“वाढला की गं!”

“वाढणारच. सहज कुठं करताय तुम्ही?”

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ खैरनारांचं गॅस गिझर दुरुस्तीचं दुकान होतं. दसरा झाला, की थंडी पडायच्या आत प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन करायचा, “वहिनी, गिझर बघून जाऊ का?” म्हणून विचारायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. गिऱ्हाईक आपणहून फोन करत नाही, हे त्यांना धंद्याने शिकवलं होतं. पाणी गार आलं तर करतं. पण गॅस गिझरचं खरं दुखणं पाण्यात दिसत नाही. आत काजळी धरली किंवा खोलीत हवा कमी पडली, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस कढत पाण्याने सुखावतो, सुस्तावतो आणि बंद बाथरूममध्ये तसाच आडवा होतो. गिझर तेव्हाही उत्तम पाणी देत असतो.

बेळेबाई म्हणजे कुसुम बेळे, निवृत्त शिक्षिका. गंगापूर रोडच्या एका सोसायटीत एकट्या राहायच्या. मुलगा नागपूरला. फेब्रुवारीत खैरनार त्यांच्याकडे गेले, तेव्हा बाईंनी कबुतरांच्या त्रासाला कंटाळून बाथरूमच्या खिडकीला अ‍ॅक्रिलिकची जाड शीट पक्की ठोकून घेतलेली त्यांना दिसली. 

“बाई, ही खिडकी अशी बंद ठेवून गिझर लावायचा नाही हं.”

“अहो, आता उन्हाळाच आला. गार पाण्यानंच अंघोळ.”

“थंडीच्या आधी मी धूर बाहेर काढणारा पाइप बसवून देतो. भिंतीला भोक पाडून.”

“फोन करा मात्र, खैरनार. मी विसरते.”

पाइप मापाने कापून दुकानाच्या कोपऱ्यात तयार होता. यंदा थंडी लवकर पडली होती. आणि फोन लागत नव्हता.

हा अपेक्षांक काय प्रकार आहे, ते इथे सांगायला हवं. एके काळी फोन नावाच्या वस्तूने माणसाला नको करून सोडलं होतं. कर्ज हवंय का, प्लॉट हवाय का, विमा उतरवलाय का? अंगाला साबण लागलेला असावा, पोळी तव्यावर असावी, मयताला निघालेलं असावं आणि फोन वाजावा. नको असलेल्या फोनसाठी नियम झाले, दंड झाले, याद्या झाल्या. विकणारे नंबर बदलून पुन्हा हजर. मग आवाजावर संशोधन करणाऱ्या काही शास्त्रज्ञांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ऐकणाऱ्याकडून काहीतरी हवं असताना माणूस बोलतो, तेव्हा त्याच्या स्वरतंतूंचे स्नायू शब्दाच्या किंचित आधीच ताणले जातात. उत्तराची वाट पाहणं जणू बोलण्याच्या आधीच सुरू झालेलं असतं. हा ताण कानाला कळत नाही, यंत्राला कळतो. तो शून्य ते शंभर अशा पट्टीवर मोजायचा आणि त्या आकड्याला म्हणायचं अपेक्षांक. शून्य म्हणजे समोरच्याने फोन उचलला काय, न उचलला काय, ज्याला सोयरसुतक नाही असा माणूस. शंभर म्हणजे पाण्यात बुडणारा.

कायद्याने प्रत्येक फोनवर हे मोजयंत्र बसलं. फोन करणाऱ्याने आधी यंत्राला नाव आणि काम सांगायचं. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला, की फोन पुढे जातच नाही. पलीकडे घंटासुद्धा वाजत नाही. फोन लागला तरी यंत्र शेवटपर्यंत ऐकत राहतं आणि मध्येच आकडा चढला तर तिथल्या तिथे तोडतं. लोकांनी त्याला नाव दिलं ‘चाळण’. पहिल्या वर्षी मर्यादा ऐंशी होती. घराघरांत अशी काही शांतता पसरली, की लोक सुखावले आणि आणखी शांतता मागू लागले. गुढीपाडव्याला मर्यादा तिसावर आणली. ओळखीच्या नंबरांना सुरुवातीला सूट होती, पण “आमचा नंबर ओळखीत टाका आणि सवलत मिळवा” असं कंपन्यांनी सुरू केल्यावर तीही गेली. व्यापाऱ्यांचे लेखी निरोप फोनमधल्या एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडत. तो कप्पा उघडलेला माणूस कुणाच्या ऐकिवात नव्हता. आईमुलांचे फोन लागत, जोवर कुणी कुणाकडे काही मागत नाही तोवर.

कायदा झाला त्या दिवशी खैरनारांनी दुकानात पेढे वाटले होते. ही आठवण निर्मलाबाई त्यांना दिवसातून एकदा तरी करून देत.

पक्कड जागेवर ठेवतात न ठेवतात, तोच त्यांचा फोन वाजला.

“नमस्कार सर, मी काव्या बोलतेय. आपला जुना गॅस गिझर आम्हाला द्या आणि नवीन इलेक्ट्रिक गिझर खास सवलतीत घेऊन जा.”

खैरनार क्षणभर फोनकडे बघतच राहिले. “तुमचा फोन लागला कसा?”

“म्हणजे सर?”

“विकताय ना तुम्ही?”

“हो सर.”

“अपेक्षांक किती आला?”

“चार.” मुलगी जांभई आवरत होती. “आम्हाला कमिशन नसतं ना सर. तुम्ही घ्या, नका घेऊ, पगार तेवढाच. काय विकायचं तेपण स्क्रीनवर येतं तेव्हा कळतं. आत्ता गिझर आहे, मघाशी शाम्पू होता.”

“आणि मी नाही म्हणालो तर?”

“म्हणा ना सर.”

खैरनारांच्या डोक्यात तिडीक गेली. या कायद्याने विकणं थांबवलं नव्हतंच. ज्यांचं पोट विकण्यावर आहे, तेवढ्यांना थांबवलं होतं. शंभर माणसं पगारावर बसवून त्यांना कशाशीच देणंघेणं नाही अशी व्यवस्था करायला मोठी कंपनी लागते. खैरनारांकडे खैरनार आणि निर्मला अशी दोनच माणसं होती, आणि दोघांनाही देणंघेणं होतं.

त्यांनी पाइप स्कूटरला बांधला आणि गंगापूर रोड गाठला. बेळेबाईंच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन कधीच उरला नव्हता. तिथेही चाळण होती.

“मी खैरनार. बेळेबाईंकडे गिझरचा पाइप बसवायचाय.”

“आपला अपेक्षांक अडुसष्ट. प्रवेश नाही.”

ते तिथेच उभे राहिले. एक गाडी बाहेर आली. त्यांनी हात केला. काच खाली आली नाही. दुसऱ्या गाडीची बोटभर खाली आली.

“साहेब, बेळेबाईंना एवढा निरोप द्या, की—”

“काका, चाळणीनं अडवलंय म्हणजे काहीतरी असेलच ना,” आतला माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि काच वर गेली.

काहीतरी मागायला आलेल्या माणसाशी कसं बोलायचं, याचीच सवय लोकांची सुटली होती. खैरनारांनी चिठ्ठी लिहून फाटकावरच्या पेटीत टाकायला घेतली, तर पेटी पत्रकांनी तोंडापर्यंत भरलेली. संकटकाळी करायच्या नंबराला चाळण नव्हती. तो लगेच लागला.

“काय घडलंय?” तिकडून विचारलं.

“अजून काही घडलं नाही, पण घडू शकतं.”

“मग घडल्यावर करा.”

फिरून फिरून ते पोचले डॉ. वृंदा टिपणीस यांच्या बंगल्यावर. अपेक्षांकाचं गणित ज्या चमूने मांडलं, तिच्या त्या प्रमुख होत्या. त्यांच्या वडिलांचा गिझर खैरनारांकडेच असायचा, म्हणून ओळख. आणि स्वतःच्या दाराला त्यांनी चाळण बसवली नव्हती. का नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

“मॅडम, तुमचं ते यंत्र मला चोर समजतंय.”

“चोर नाही समजत, खैरनार. गरजू समजतं.”

“आता चोर परवडला म्हणायचा.”

डॉ. वृंदांनी त्यांना बसवलं, चहा ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांच्या भुवया आक्रसत गेल्या. “मी ऐंशी सांगितलं होतं. लिहून दिलं होतं. ऐंशीच्या वर फक्त गळ्यात पडणारे अडकतात. तिसाच्या आत बसायचं तर माणसाला काही नकोच असायला लागतं. मर्यादा ठरवणाऱ्या समितीत एक जण म्हणाले, ज्याला गरज असेल तो स्वतःच फोन करेल की. मी विचारलं, आणि ज्याला आपली गरज ठाऊकच नाही त्यानं? यावर चहा आला आणि बैठक संपली.”

“पण मला बाईंची काळजी वाटतेय. ती नाही का दिसत तुमच्या मशीनला?”

“दिसते ना! तीच दिसते.” डॉ. वृंदांनी कप उचलला. “एक विचारू? राग मानू नका. त्या चौसष्टमध्ये काळजी किती आणि धंदा किती?”

खैरनार उत्तर द्यायला गेले आणि अडखळले. यंदा दसऱ्यापासून काम निम्म्यावर आलं होतं. पाइप बसवला असता तर चार पैसे मिळाले असते, हे फोन लावताना मनात होतंच. आणि बाईंचा तो बंद खिडकीखालचा गिझरही डोळ्यांसमोरून हलत नव्हता. दोन्ही होतं. वीस-पंचवीस वर्षं दोन्ही एकत्रच होतं. वेगळं करून बघायची वेळ कधी आली नव्हती.

“नाही सांगता येत,” ते म्हणाले.

“मलाही नाही येत. घशात दोन वेगळ्या वाटा नसतात. ज्याच्याकडून मिळकत व्हायची आणि ज्याच्यासाठी जीव तुटायचा, दोघांशी बोलताना स्नायू तसेच ताणतात.”

“मग मी करू काय?”

“शहरात वर्ग निघालेत म्हणे. महिनाभरात अपेक्षांक खाली आणून देतात.”

“काय शिकवतात?”

“समोरच्याचं काय वाटेल ते होवो, असं मनापासून वाटायला शिकवतात.”

खैरनार कडवट हसले. “ते शिकल्यावर मी बाईंना फोन कशाला करीन?”

डॉ. वृंदांनी कप खाली ठेवला. “नंबर द्या. मी करते. मला काही त्यांना विकायचं नाही.”

त्यांनी फोन लावला, नाव सांगितलं, काम सांगितलं. कुसुम बेळे यांना सांगायचं आहे, की बाथरूमची खिडकी उघडल्याशिवाय गिझर लावू नका.

“आपला अपेक्षांक एक्काहत्तर. आपला कॉल पुढे पाठवता येणार नाही.”

त्यांनी पुन्हा लावला. शहाऐंशी. चहा निवून गेला. आपणच घडवलेल्या यंत्राकडे त्या अशा बघत होत्या, की खैरनारांना त्याही परिस्थितीत वाईट वाटलं.

“चाचण्यांना आम्ही विक्रेते बोलावले होते,” त्या हळूच म्हणाल्या. “कर्जवाले, प्लॉटवाले. दुसऱ्यासाठी घाबरलेलं माणूस एकही नव्हतं बोलावलं. सुचलंच नाही हो.”

मग खैरनार एकदम ताठ बसले. “काव्या!”

“कोण काव्या?”

त्यांनी सकाळचा प्रकार सांगितला. डॉ. वृंदांचे डोळे लकाकले. “तिचा फोन लागेल. नक्की लागेल. गिऱ्हाइकानं कंपनीला केलेल्या फोनला चाळण नसते. लावा. पण तिला कारण अजिबात सांगू नका. कारण कळलं, तर तिलाही भीती वाटेल आणि मग संपलं.”

“नमस्कार सर, मी काव्या बोलतेय.” आवाज सकाळच्या मुलीचा नव्हता. तिथे सगळ्यांचंच नाव काव्या होतं.

“ताई, एका नंबराला एक निरोप वाचून दाखवाल का? बाकी काही नाही.”

“स्क्रीनवर नाहीये सर ते.”

“दोनच ओळी आहेत.”

“मला काय सर, मी काहीही वाचते,” काव्या म्हणाली. “तुम्हालापण लाइनवर घेते. ऐकत राहा, म्हणजे परत सांगायला नको. फक्त मध्ये बोलू नका. तुमचा आवाज आला तर लाइन जाईल.”

तिने फोन लावला. अपेक्षांक तीन. पलीकडे घंटा वाजली. सकाळपासून पहिल्यांदाच ती घंटा वाजत होती. खैरनारांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले.

“हॅलो?” बेळेबाईंचा आवाज. तोच, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

“नमस्कार मॅम. बाथरूमच्या खिडकीची शीट काढा. तोवर गिझर लावू नका. खैरनार यांना फोन करा. धन्यवाद.” काव्याने हे असं वाचलं, जसं तिने शाम्पूचं वाचलं असतं.

“कोण बोलतंय?”

“काव्या बोलतेय मॅम.”

“कुठून?”

“गिझरच्या कंपनीतून.”

“अगं बाई, परत तुम्हीच का? काल पण झाला ना तुमचा फोन. मला नकोय नवीन गिझर. आमचे खैरनार आहेत, ते बघतात सगळं. दरवर्षी फोन करतात. आता येईलच त्यांचा.”

“बाई!” खैरनार ओरडले. “बाई, मीच आहे, मी—”

“आपला अपेक्षांक अठ्ठ्याण्णव.” फोन गार पडला.

डॉ. वृंदा उठल्या.  समितीच्या सदस्यांना चाळणीशिवाय आत जाण्याचा परवाना मिळू शकतो, तो त्यांनी मागितला. त्यासाठी तातडीचं कारण लागत होतं. त्यांनी कारण दिलं. संभाव्य धोका हे कारण यादीत बसत नव्हतं. त्यांनी भांडून ते बसवायला लावलं. संध्याकाळ झाली. दोघंही फाटकावर जाऊन ओरडून आले. वरच्या खिडक्या बंद होत्या, थंडी होती म्हणून.

परवाना दुसऱ्या दिवशी दुपारी आला. खैरनारांनी पाइप घेतला, डॉ. वृंदांनी गाडी काढली. या वेळी फाटक एका शब्दानेही न विचारता उघडलं. पण ते त्यांच्यासाठी उघडलं नव्हतं. आतून रुग्णवाहिका बाहेर येत होती, सायरन न वाजवता, सावकाश. सकाळी दूधवाल्याच्या पिशव्या दारातच राहिल्या, म्हणून शेजाऱ्यांनी संकटकाळचा नंबर लावला होता. आता काहीतरी घडलेलं होतं, त्यामुळे माणसं लगेच आली होती. बाथरूममध्ये नळ चालू होता आणि पाणी छान गरम येत होतं, असं शेजारी सांगत होते.

डॉ. वृंदांनी समितीला सविस्तर पत्र लिहिलं. समितीने नोंद घेतली. घरोघरची शांतता तशीच राहिली आणि लोकांना ती आवडतच होती.

तेरावा झाला, त्यानंतरची गोष्ट. खैरनार दुकानात बसले होते. कोपऱ्यात पाइप तसाच होता. भंगारात द्यायला त्यांचा हात धजत नव्हता. का कुणास ठाऊक, त्यांनी फोन उचलला आणि बोटांच्या सवयीने बाईंचाच नंबर लावला. कुणी घ्यावा असं नव्हतं. काही सांगायचंही उरलं नव्हतं.

“मी खैरनार,” ते म्हणाले. “बेळेबाईंना फोन केला होता.”

“आपला अपेक्षांक दोन. आपला कॉल जोडत आहोत.”

घंटा वाजू लागली. खैरनार दचकले. ठेवून द्यावा असं त्यांच्या मनात येतंय, तोवर तिकडून फोन उचलला गेला.

“हॅलो, कोण?” पुरुषाचा थकलेला आवाज. “मी अविनाश बेळे. आईचा फोन माझ्याकडे आहे.”

“मी खैरनार. गिझरवाला.”

“खैरनार.” त्याने नाव पुन्हा उच्चारलं. “आई तुमचं नाव घ्यायची नेहमी. माझ्याशी बोलायची तेव्हा म्हणायची, सगळं छान आहे रे. छान नसतं तर फोन लागलाच नसता म्हणा. शेवटचं बोललो, तेव्हा म्हणाली, थंडी फार आहे पण खैरनारांचा फोन आला की गिझरचं काम करून घेते.”

खैरनारांची नजर कोपऱ्यातल्या पाइपकडे गेली.

“तुम्ही दरवर्षी करायचात ना हो?” मुलाच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “एक फोन. यंदाच कसे विसरलात?”

“नाही हो दादा, विसरलो नाही!” खैरनार उभे राहिले. या माणसाने आपलं खरं मानावं, एवढंच त्यांना हवं होतं. जन्मात कुणाकडून काही इतकं हवं वाटलं नव्हतं. “मी दिवसभर लावत होतो, मी तिथं फाटकापर्यंत—”

“आपला अपेक्षांक शंभर. आपला कॉल खंडित करण्यात येत आहे. आपला दिवस निरपेक्ष जावो!”

खैरनार कितीतरी वेळ फोन कानाला लावून उभे होते. पलीकडे अविनाशला एवढंच कळलं असेल, की आपण विचारलं आणि खैरनारांनी फोन ठेवून दिला.